नवीन कटर लावलं आणि खाच सैल झाली: डॉमिनो आणि बिस्किट जॉइनरला दुसऱ्या कंपनीचं कटर लावण्याआधी

आठ मिमीचं कटर, आठ मिमीचा टेनन (दोन फळ्या जोडताना समोरासमोरच्या खाचांत बसणारा लाकडी तुकडा), आणि तरी टेनन खाचेत सोडला की स्वतःच्या वजनानं तळाशी जाऊन बसतो. बोटानं हलवला तर डगडगतो. कालपर्यंत हेच डॉमिनो (टेननसाठी खाच पाडणारं फेस्टूल कंपनीचं मशीन) अशी खाच पाडत होतं की टेनन अंगठ्यानं दाबून बसवावा लागे आणि परत काढायचा तर पक्कड लागे. मधल्या काळात बदललं ते एकच. जुनं कटर बोथट झालं म्हणून दुसऱ्या कंपनीचं नवीन आणलं.

ही तक्रार सुतारकाम करणाऱ्यांकडून मी पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि एकदा मी स्वतःही त्यात सापडलो आहे. बहुतेक जण यातून दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: एक तर "स्वस्त कटर भंगारच असतात", नाहीतर "मशीनच झिजलं". दोन्ही वेळा नेमका दोष कुठे होता ते कळतच नाही, आणि पुढच्या खरेदीला तीच अडचण परत येते. म्हणून आधी दोष शोधायचा कसा ते सांगतो. कटर कसं निवडायचं ते त्यातूनच निघतं.

सगळ्यात आधी टेनन कोणत्या दिशेला सैल आहे ते पाहा. डॉमिनोचं कटर गोल फिरता फिरता डावी-उजवीकडे झुलतं, म्हणून खाच लांबट येते. डीएफ ५०० या लहान डॉमिनोमध्ये खाचेची रुंदी तीन प्रकारे ठेवता येते: १३, १९ किंवा २३ मिमी, अधिक कटरचा व्यास. रुंद सेटिंगवर टेनन डावी-उजवीकडे सरकणारच. जुळवणीत थोडं इकडे-तिकडे करता यावं म्हणून ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. तो दोष समजून कटर परत करणारे मी पाहिले आहेत. आपल्याला बघायची आहे ती जाडी, म्हणजे फळीच्या जाडीच्या दिशेनं टेनन वर-खाली हलतो का. ती जाडी ठरवतं फक्त कटर.

दुसरी गोष्ट, टेनन स्वतः मापात आहे का. पाकिटातले दोन-तीन टेनन कॅलिपरनं मोजा. बीच लाकडाचे टेनन दमट हवेत फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. पावसाळी हवेत उघडं राहिलेलं पाकीट असेल तर खाच बरोबर असूनही टेनन आत जात नाही आणि दोष कटरवर येतो. मी टेनन आणि बिस्किटं (बिस्किट जॉइनरनं पाडलेल्या खाचेत बसणाऱ्या चपट्या लाकडी चकत्या) झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि चाचणीसाठी नेहमी त्याच डब्यातला टेनन वापरतो.

तिसरी गोष्ट हाताची. मशीन दाबताना त्याची फळीवर टेकणारी पट्टी जराशी उचलली गेली तर खाच तोंडाशी मोठी आणि तळाशी बरोबर येते. खाचेची जाडी तोंडाशी आणि आत खोलवर, दोन्हीकडे मोजा. दोन्ही ठिकाणी सारखीच जास्त असेल तर हात निर्दोष, कटरकडे वळा.

कटर मापात, तरी खाच मोठी

माझ्या बाबतीत झालं ते असं. आठ दारांच्या चौकटी करायच्या होत्या. एका विक्रेत्याकडून ८ मिमीचं कटर आणलं, लावलं, आणि चाचणी न घेता सरळ कामाच्या लाकडावर चालवलं. चारही कोपऱ्यांना दोन्ही तुकड्यांत मिळून चौसष्ट खाचा. त्यातल्या बत्तीस पाडून झाल्यावर पहिला टेनन घालून पाहिला, आणि तो आत पडला.

कटर काढून मोजलं. कॅलिपरचे जबडे दोन समोरासमोरच्या धारांवर अलगद टेकवले. धारेचं कार्बाइड कडक पण ठिसूळ असतं, जबडा आपटला तर धारेचा कण उडतो, म्हणून कटर हळूहळू फिरवत सर्वांत मोठं माप येईल तिथे थांबलो. ८.००. अगदी बरोबर. मग खाच मोजली: ८.२ च्या वर.

हे समजून घेण्यासारखं आहे. कटरचा मध्य आणि फिरण्याचा मध्य एक नसेल तर कटर भोवऱ्यासारखं थोडं लटपटत फिरतं. मध्यापासून ०.१ मिमी सरकलेलं कटर एका बाजूची धार ०.१ मिमी जास्त बाहेर फिरवतं, आणि ती धार पूर्ण वर्तुळात फिरते म्हणून खाच ०.२ मिमी जाड होते. शिवाय दोन धारांपैकी जवळपास सगळं काम एकाच धारेला पडतं. तीच लवकर बोथट होते, आवाज खरखरीत येतो आणि खाचेच्या भिंती तपकिरी होतात. म्हणजे सैल खाच, जळका वास आणि चारच दिवसांत गेलेली धार ही तीन वेगवेगळी दुखणी वाटली तरी त्यांचं मूळ अनेकदा एकच असतं.

आता लटपट मशीनची की कटरची? त्यासाठी जुनं बोथट कटर कामी येतं. मी प्लग काढून, स्पिंडलचे (कटर ज्यावर बसतं त्या फिरत्या दांड्याचे) आटे आणि कटर जिथे टेकतं तो खांदा टूथब्रशनं साफ केला. खांद्यावर भुशाचा चपटा झालेला कण चिकटलेला होता, कागदाच्या जाडीचा. मला वाटलं सापडलं. तेच नवं कटर पुन्हा लावलं, टाकाऊ तुकड्यावर खाच पाडली: पुन्हा ८.२. मग जुनं मूळ कटर लावलं. धार गेलेली, पण खाच ८.० ची. मशीन निर्दोष होतं. नव्या कटरचा व्यास बरोबर होता, पण आतले आटे मध्यावर पाडलेले नव्हते.

म्हणून माझं सांगणं एवढंच: कटर पसंत-नापसंत करायचं ते त्यानं पाडलेल्या खाचेवरून. व्यास, धारेची चमक, पाकिटावरची मापं हे सगळं त्यानंतर. आणि जुनं मूळ कटर बोथट झालं म्हणून कधीही फेकू नका. तुमच्या मशीनची तब्येत तपासायला त्याच्याइतकं विश्वासाचं दुसरं काही तुमच्याकडे नसतं.

त्याला धार लावून घेण्याबद्दल विचारतात. व्यासाच्या बाजूनं धार लावली की व्यास घटतो, आठचं ७.९ होतं, आणि टेनन ठोकून बसवायची वेळ येते. ठोकलेला टेनन डिंक खरवडून तळाशी ढकलतो, सांधा कोरडा राहतो. त्यामुळे ठरावीक मापाच्या कटरला मी धार लावून घेत नाही.

आटे

डीएफ ५०० च्या कटरला एम६ बाय ०.७५ चे (व्यास ६ मिमी, दोन आट्यांतलं अंतर ०.७५ मिमी) बारीक आटे असतात, मोठ्या डीएफ ७०० ला एम८ बाय १ चे. नेहमीच्या एम६ बोल्टचा आटा १ मिमीचा असतो, तो इथे चालत नाही. चुकीच्या आट्याचं कटर एक-दोन फेरे हातानं जातं, मग अडतं, आणि आपण पान्हा लावतो. तिथेच स्पिंडलचे आटे जातात. कटर गेलं तर दुसरं आणता येतं, स्पिंडल गेला तर मशीन उघडावं लागतं. कटर दोन बोटांनी शेवटच्या फेऱ्यापर्यंत सहज फिरलंच पाहिजे. पान्हा फक्त शेवटी आवळायला. बसल्यावर खांदा आणि कटर यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. बॅटरी पलीकडून धरा आणि खरंच बघा.

लांबी: याकडे कोणी बघतच नाही

फेस्टूलच्या मूळ कटरच्या नावातच बरीच माहिती दडलेली असते. "डी ८-एनएल २८ एचडब्ल्यू-डीएफ ५००" यात डी म्हणजे व्यास, एनएल म्हणजे वापरता येणारी लांबी, एचडब्ल्यू म्हणजे कार्बाइड. डीएफ ५०० साठी ६, ८ आणि १० च्या कटरला ही लांबी २८ आहे. ५ च्या कटरला मात्र २०, आणि ४ च्या कटरला फक्त ११. डीएफ ७०० मध्ये १०, १२, १४ च्या कटरला ७०, पण ८ च्या कटरला ५०. बारीक कटर लांब केलं तर ते मोडतं, म्हणून ही आखूड लांबी.

यातून दोन दुखणी येतात. एक, मशीनवर खोली २५ किंवा २८ वर राहिलेली असते आणि आपण ५ चं कटर लावतो. कटरची धार संपते आणि मागचा जाड भाग लाकडाला घासायला लागतो. खाचेचं फक्त तोंड जळलेलं, आतल्या भिंती स्वच्छ, असं दिसलं तर हे आधी तपासा. ५ च्या कटरला १२, १५ आणि २० याच खोल्या वापरायच्या असतात.

दोन, दुसऱ्या कंपनीच्या कटरची एकूण लांबी मूळ कटरइतकीच असेल असं नाही. मशीनची खोलीची पट्टी मूळ कटरच्या लांबीवर बेतलेली आहे. कटर दीड मिलिमीटर लांब असेल तर १५ ची खाच साडेसोळाची होते. १८ मिमीच्या प्लायच्या दर्शनी भागामागे १५ वर तीन मिलिमीटर उरायला हवे होते, ते दीडवर येतात. डिंकाच्या ओलाव्यानं तेवढा पातळ थर फुगतो आणि पॉलिश केल्यावर खाचेचा लांबट आकार वरून दिसतो. उलट कटर आखूड असेल तर टेनन तळाला टेकतो आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी सांध्याची फट मिटत नाही. ४ चं कटर तर मुळात १० मिमी आखूड असतं, खोली २० वर ठेवली की खाच प्रत्यक्षात १० ची येते. इथे नकली कटरची लांबी वेगळी निघाली तर सगळंच गणित चुकतं.

उपाय साधा आहे. टाकाऊ लाकडात खोली २० वर ठेवून खाच पाडा आणि कॅलिपरच्या मागच्या दांडीनं खोली मोजा. फरक निघालाच तर तो कटरच्या डबीवर लिहून ठेवा, "अधिक दीड" असा. फरक नेहमी तेवढाच राहणार असेल तर ते कटर वापरता येतं, फक्त फरक माहीत हवा.

खाच जळते, आवाज बदलतो

लटपट आणि जाड भागाचं घासणं सोडलं तर जळण्याची कारणं नेहमीचीच: भुसा न ओढला जाणं, धारेवर साचलेला राळ, किंवा फार घाई नाहीतर फार संथपणा. डॉमिनोला भुसा ओढणारी नळी लावलीच पाहिजे. खाच बंद असते, ढलप्यांना बाहेर पडायला दुसरी वाट नसते. राळ कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून पितळी ब्रशनं निघतो. तीव्र कॉस्टिकचे क्लीनर वापरू नका, कार्बाइडचे कण बांधून ठेवणाऱ्या कोबाल्टला आणि झाळकामाला ते चांगले नाहीत.

एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि सागवान यांच्यात स्टीलची धार फार लवकर जाते. बोर्डात कडक झालेला डिंक असतो, सागात सिलिका. पाकिटावर एचडब्ल्यू म्हणजेच कार्बाइड लिहिलेलं नसेल तर या कामासाठी ते कटर घेऊच नका.

आणि फेऱ्यांचा आकडा. डीएफ ५०० मिनिटाला सुमारे २५,००० फेरे घेतं, डीएफ ७०० सुमारे २१,०००. कटरवर किंवा पाकिटावर कमाल फेऱ्यांचा आकडा असायला हवा आणि तो मशीनच्या आकड्यापेक्षा जास्त हवा. तो कुठेच नसेल तर ते कटर मी लावत नाही, मग बाकी कितीही चांगलं दिसो. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फिरणाऱ्या वस्तूबद्दल ही सवलत द्यायची नाही.

बिस्किट जॉइनरचं ब्लेड

इथे बाजारात पर्याय जास्त आणि बरेचसे चालण्याजोगे, कारण बिस्किटांची मापं अनेक दशकं स्थिर आहेत. स्वित्झर्लंडचे सुतार हर्मान स्टायनर यांनी १९५० च्या दशकात लॅमेलो ही पद्धत काढली, आणि आजही ० नंबरचं बिस्किट ४७ बाय १५, १० नंबरचं ५३ बाय १९, २० नंबरचं ५६ बाय २३ मिमीच असतं, जाडी ४. त्यामुळे बहुतेक जॉइनरना १०० मिमी व्यासाचं, ४ मिमी जाड खाच पाडणारं, २२ मिमी भोकाचं ब्लेड लागतं.

पण भोक नीट वाचा. अँगल ग्राइंडरच्या ब्लेडचं भोक २२.२३ मिमी असतं, म्हणजे पाऊण आणि एक इंचाच्या मधलं सात अष्टमांश इंच. ते २२ च्या स्पिंडलवर बसतं, पण मध्यावर राहत नाही, आणि मशीन थरथरतं. शिवाय ते ब्लेड वेगळ्या कामासाठी बनवलेलं असतं. जॉइनरला जॉइनरचंच ब्लेड लावा. काही मशीनमध्ये ब्लेड मधल्या नटाऐवजी छोट्या स्क्रूंनी फ्लँजवर (ब्लेड धरणाऱ्या चकतीवर) बसतं, तिथे स्क्रूची भोकं जुळतात का तेही बघावं लागतं.

बिस्किट सैल बसत असेल तर इथे शंका घ्यायची ती ब्लेडच्या बाजूच्या डुलण्याची. डुलणारं ब्लेड चारची खाच सव्वाचारची करतं. निम्म्या वेळा कारण फ्लँजखालचा भुसा किंवा राळ असतो. साफ करून पुन्हा लावा, मगच ब्लेडला नावं ठेवा. बिस्किट डिंकातल्या पाण्यानं फुगून खाच भरतं खरं, पण त्या फुगण्यावर फार भिस्त ठेवू नका.

आणखी एक. धार लावलेलं ब्लेड व्यासानं लहान होतं. १०० चं ९८ झालं की खाच एक मिलिमीटर उथळ होते. दोन्ही फळ्यांत मिळून दोन मिलिमीटर गेले की २० नंबरचं बिस्किट दोन्ही तळांना टेकतं आणि सांधा मिटत नाही. खोलीचा स्क्रू पुन्हा जुळवून घ्या.

राउटरच्या बिटबद्दल एवढंच: ६ मिमीच्या कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) पाव इंची म्हणजे ६.३५ ची शँक (बिटची दांडी) आणि अर्ध्या इंची म्हणजे १२.७ च्या कॉलेटमध्ये १२ ची शँक, हे दोन्ही कधीही नाही. पहिली जात नाही म्हणून लोक ठोकतात, दुसरी आवळली गेल्यासारखी वाटते आणि चालू मशीनमध्ये बाहेर सरकते.

मग मी काय घेतो

६ आणि ८ ची कटर रोज लागतात, लवकर झिजतात, तिथे दुसऱ्या कंपनीची चांगली कटर मी वापरतो आणि समाधानी आहे. ४ आणि ५ ची मात्र मूळ कंपनीचीच ठेवतो. ती आधीच नाजूक असतात, झाळकामातली किंवा कार्बाइडमधली थोडीशी कसर त्यांना मोडायला पुरते, आणि मोडलेला तुकडा महागाच्या लाकडात अडकतो. पाच कटरचा संच एकदम घेणं टाळा. एक घ्या, ते चाचणीत उतरलं तर दुसरं घ्या. एकाच विक्रेत्याच्या दोन खेपांतही फरक निघतो, म्हणून प्रत्येक कटरची चाचणी वेगळी.

चाचणीला दहा मिनिटं लागतात. सपाट, कडक लाकडाचा तुकडा घ्यायचा, शेजारी-शेजारी जुन्या आणि नव्या कटरनं तीन-तीन खाचा पाडायच्या, जाडी तोंडाशी आणि आत मोजायची, खोली मोजायची, आणि डब्यातला टेनन घालून बघायचा. जुन्या-नव्यात जाडीचा फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर कटर ठेवायचं. ०.१ च्या पुढे गेलं तर परत. हा माझा हिशेब आहे, पण वर्षानुवर्षं तो मला पुरला आहे. एका सांध्याच्या दोन्ही बाजू एकाच कटरनं पाडायच्या, आणि एकच काम अर्धं एका कटरनं आणि अर्धं दुसऱ्यानं करायचं नाही.

सैल खाचा आधीच पाडून झाल्या असतील तर घाबरू नका. पांढरा डिंक फट भरत नाही, तो नुसता ओतून सांधा टिकणार नाही. फळी जाड असेल तर त्याच खाचा १० च्या चांगल्या कटरनं पुन्हा पाडून १० चे टेनन घालता येतात, फक्त टेनन फळीच्या जाडीच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहायला हवा. नाहीतर टेननच्या एका बाजूला पातळ व्हिनीअरची पट्टी चिकटवून रात्रभर सुकवायची, सकाळी सँडपेपरनं माप जुळवायचं. किंवा फट भरणारं इपॉक्सी वापरायचं. माझ्या चौकटी २१ मिमीच्या होत्या, दहाचा टेनन त्यांना जड झाला असता. मी बत्तीस खाचांसाठी व्हिनीअरच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येक टेननवर त्याच्या कोपऱ्याचा नंबर पेन्सिलनं टाकला, कारण पट्टी लावलेली बाजू सगळ्या टेननना दर्शनी भागाकडेच ठेवायची होती, नाहीतर चौकटीचे तुकडे एका पातळीत आले नसते. उरलेल्या बत्तीस खाचा जुन्या बोथट कटरनं हळूहळू पाडल्या.